लग्नाचा हक्क नाही, मग कागद करून भागेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राहणाऱ्या दोघी, वय तिशीच्या मध्यावर, आठ वर्षं एकत्र. फ्लॅट एकीच्या नावावर, हप्ता दोघी मिळून भरतात. एकीच्या घरी सगळं माहीत आहे, दुसरीच्या घरी 'रूममेट' एवढंच. त्या विचारतात: सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही ते दिली नाही, पण मृत्युपत्र, नॉमिनेशन असे कागद नीट केले तर लग्नाने मिळतं ते सगळं मिळत नाही का? मग लग्नाच्या हक्काचा एवढा आग्रह कशासाठी? आणि आज आमच्या हातात काय आहे?

मी कौटुंबिक आणि वारसाहक्काच्या प्रकरणांत काम करणारी वकील आहे. अशी जोडपी आता माझ्याकडे नियमित येतात. उत्तर असं की कागदांनी बरंच साधतं, पण सगळं नाही. आणि जे साधत नाही ते नेमकं तेव्हाच लागतं, जेव्हा नवा कागद करायला वेळ उरलेला नसतो.

आधी निकालाबद्दल, कारण व्हॉट्सॲपवर त्याचे दोन्ही टोकांचे अर्थ फिरत असतात. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. चंद्रचूड, कौल, भट, कोहली आणि नरसिंह या पाचही जणांचं दोन मुद्द्यांवर एकमत झालं. लग्न करण्याचा मूलभूत अधिकार म्हणून घटनेत काही नाही, आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा कोर्टाला शब्द बदलून वाचता येणार नाही. ते काम कायदेमंडळाचं. मतभेद झाला तो त्यापुढे. चंद्रचूड आणि कौल यांचं म्हणणं होतं की अशा जोडप्यांना आपलं नातं बांधण्याचा हक्क आहे आणि त्या नात्याची दखल घेणं सरकारवर बंधनकारक आहे. अविवाहित जोडप्यांना दत्तकापासून दूर ठेवणारा नियमही त्यांनी अवैध ठरवला होता. बाकी तिघांना हे मान्य नव्हतं, म्हणून तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला. फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या. म्हणजे कोर्टाचं दार तूर्त बंद आहे, संसदेचं उघडं आहे. त्या दारातून कोणी आत जाईल का, हा राजकारणाचा प्रश्न आहे आणि त्यात माझं मत तुमच्यापेक्षा जास्त मोलाचं नाही.

एक बाब या गदारोळात हरवते. स्त्री-पुरुष अशा नात्यात असलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तीला आज अस्तित्वात असलेल्या कायद्यांखाली लग्न करता येतं, हे याच निकालात स्पष्ट झालं. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलं होतं की हिंदू विवाह कायद्यातल्या 'वधू'मध्ये ट्रान्सवुमन येते. माझ्याकडे एक जोडपं 'आम्हाला लग्न करता येत नाही' असं धरूनच आलं होतं. त्यांचं लग्न रीतसर होऊ शकत होतं. आणि एकत्र राहण्याबद्दल तर प्रश्नच नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेजसिंग जोहर निकालानंतर प्रौढांच्या संमतीने असलेलं समलिंगी नातं गुन्हा नाही, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, जुन्या दंडसंहितेत अशा नात्याला गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ सारखं कलमच उरलेलं नाही. पोलीस चौकीत कोणी '३७७ लावू' म्हणालं तर घाबरू नका.

बहुमताने जी अडचण सांगितली ती मी उडवून लावणार नाही. विशेष विवाह कायद्यात वराचं वय २१ आणि वधूचं १८. पोटगी, कौटुंबिक हिंसा, हुंडा या सगळ्या ठिकाणी कायद्याने 'पत्नी' म्हणून बाईला वेगळं संरक्षण दिलंय. सरसकट 'जोडीदार' असा शब्द बसवला तर त्या संरक्षणाला धक्का लागेल, ही भीती खोटी नाही. पण ती मसुदा लिहिणाऱ्याची अडचण आहे, आणि मसुदे लिहायला आपल्याकडे अख्खं विधी मंत्रालय आहे. तैवानच्या घटना न्यायालयाने २४ मे २०१७ ला समलिंगी विवाहाची सोय करायला दोन वर्षांची मुदत दिली. तिथल्या संसदेने मूळ दिवाणी संहितेला हात न लावता समलिंगी जोडप्यांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि तो २४ मे २०१९ ला, मुदत संपता संपता, लागू झाला. तो अपुरा होता. दोघांना मिळून परकं मूल दत्तक घेता येत नव्हतं. ती दुरुस्ती २०२३ मध्ये झाली. तरी चार वर्षं लोकांचे संसार कायद्याच्या चौकटीत होते.

आता तुमचा मूळ प्रश्न: लग्नाने मिळतं काय? समारंभ, फोटो, नातेवाइकांचा मान वगैरे बाजूला ठेवा. वकिलाच्या नजरेतून पाहिलं तर लग्न म्हणजे कोणताही कागद न करता तुम्ही एकमेकींच्या 'नातेवाईक' होता. मग देशातला प्रत्येक कायदा, प्रत्येक फॉर्म, प्रत्येक खिडकी तुम्हाला तशीच ओळखते. लग्न नसेल तर ही ओळख तुम्हाला एकेका कार्यालयात, एकेका कागदाने मिळवावी लागते. जिथे कागद चालत नाही तिथे ती मिळतच नाही.

मृत्यूपासून सुरू करते, कारण खरा घोळ तिथेच होतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार अविवाहित, मूल नसलेल्या बाईने मृत्युपत्र केलं नसेल तर तिची स्वकष्टार्जित मालमत्ता आई-वडिलांकडे जाते. ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भाऊ-बहिणी, मग पुतणे, मग आणखी लांबचे. त्यानंतर आईचे वारस. यादी संपली तर मालमत्ता सरकारजमा. या अख्ख्या यादीत जोडीदार कुठेच नाही. ज्या चुलतभावाला तुम्ही शेवटचं कोणाच्या तरी मुंजीत पाहिलं असेल, तो मात्र आहे.

एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दोघे पुरुष, दोघेही पन्नाशीच्या पुढचे, उपनगरातल्या एका सोसायटीत कित्येक वर्षं एकत्र राहत होते. फ्लॅट ज्यांच्या नावावर, ते हृदयविकाराच्या झटक्याने गेले. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी गावाहून भाऊ आले, सोबत वारसपत्रासाठी नेमलेला वकील. सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरीने रजिस्टर उघडून दाखवलं, नॉमिनीचा रकाना कोरा. मागे राहिलेल्या जोडीदाराकडे काय होतं? मेंटेनन्स त्यांच्या खात्यातून जात होता, त्याच्या नोंदी होत्या. विजेचं बिल एकाच्या नावावर, गॅस दुसऱ्याच्या. शेजाऱ्यांनी 'हे दोघे इथेच राहायचे' एवढं लिहून दिलं. यातल्या कशानेही मालकी ठरत नाही. भाऊ वाईट नव्हते. त्यांनी 'हव्या त्या वस्तू घेऊन जा' म्हणून महिन्याभराची मुदत दिली. कायदा पूर्णपणे त्यांच्या बाजूने होता, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. ज्या घराचा रंग, टाइल्स, किचनचा ओटा दोघांनी मिळून ठरवला, त्या घरातून त्यांनी पुस्तकं, कपडे आणि वॉशिंग मशीन नेलं.

इथे मृत्युपत्र असतं तर चित्र बदललं असतं? हो. म्हणून मृत्युपत्र हा पहिला कागद. त्याला स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांनी समोर सही केलेली असावी. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे जाऊन नोंदवाच. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि तिऱ्हाईत असावेत. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडा. आणि आई-वडिलांना वगळत असाल तर तसं स्पष्ट लिहा, कारणासह. नाव न घेता वगळलं तर 'विसरली असेल, दबावाखाली केलं असेल' असा दावा हमखास येतो.

पण नॉमिनेशनवर विसंबू नका. आपल्याकडे लोकांना वाटतं नॉमिनी म्हणजे मालक. तसं नाही, बहुतेक ठिकाणी नॉमिनी हा वारसांच्या वतीने पैसे हातात घेणारा माणूस असतो. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने १४ डिसेंबर २०२३ ला शक्ती येझदानी प्रकरणात हेच पुन्हा सांगितलं. विम्यात २०१५ पासून आई-वडील, नवरा-बायको आणि मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. जोडीदार या यादीत नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांत सभासद गेल्यावर नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं, वारस ठरेपर्यंत. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीचा नियम आणखी चमत्कारिक: नियमांत बसणारं 'कुटुंब' तुम्हाला असेल, उदाहरणार्थ तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडील, तर नॉमिनी त्यांच्यातलाच हवा. म्हणून नॉमिनेशन भराच, पण त्याच्या मागे मृत्युपत्र उभं असू द्या.

जिवंतपणी नावावर करून द्यायचं म्हटलं तरी फरक कळतो. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, वरचे अधिभार वेगळे. तुम्ही एकमेकींना दिलं तर जवळजवळ विक्रीखताइतकं शुल्क. शिवाय नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त किमतीची भेट मिळाली तर ती आयकराच्या दृष्टीने उत्पन्न. नवरा-बायकोला यातून सूट आहे. हाच मुद्दा घेऊन एक समलिंगी जोडपं २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि कोर्टाने त्यावर नोटीस काढली. मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात लग्न मागितलेलं नाही. एकाच कायद्यातला एकच भेदभाव दाखवला आहे. पुढची काही वर्षं लढाई अशीच, एकेका खिडकीवर होईल असा माझा अंदाज आहे.

तुमच्या फ्लॅटबद्दल एक इशारा, जो बहुतेक जोडप्यांना कोणी देत नाही. घर एकीच्या नावावर आणि पैसे दुसरीचेही जातात. नवरा-बायकोत हे चालतं, कारण बेनामी व्यवहारांच्या कायद्यात पती-पत्नीला अपवाद केलेला आहे. तुम्हाला तो अपवाद लागू नाही. उद्या बेबनाव झाला आणि हप्ता भरणारी म्हणाली की 'निम्मं घर माझं', तर समोरचा वकील नेमकं हेच शस्त्र काढेल: हा बेनामी व्यवहार, दावाच चालत नाही. म्हणून जी रक्कम जाते तिचा रीतसर कर्जाचा करार करा, किंवा शुल्क भरून हिस्सा नावावर करून घ्या. यापुढे जे घ्याल ते दोघींच्या नावाने घ्या आणि दस्तातच हिस्से लिहा. दोन नावं असली म्हणजे एक गेल्यावर दुसरीला आपोआप सगळं मिळतं असं नाही; गेलेलीचा हिस्सा तिच्या वारसांकडे जातो. मृत्युपत्र तिथेही लागतंच.

बेबनावाचा विषय निघालाच आहे तर बोलून घेऊ, कारण चळवळीतली मंडळी यावर बोलायला जरा बिचकतात. लग्नाचा हक्क म्हणजे घटस्फोटाचाही हक्क. दोघींपैकी एकीने दुसरीच्या बदलीसाठी नोकरी सोडली, सासूबाईंचं आजारपण काढलं (होय, अशा नात्यातही सासूबाई असतात आणि त्यांचं सगळं करावंही लागतं), आणि दहा वर्षांनी नातं तुटलं तर तिला पोटगी नाही, राहत्या घरात थांबण्याचा हक्क नाही, काही नाही. दुबळ्या जोडीदाराला आधार देणारं कायद्याचं सगळं यंत्र लग्नाभोवती बांधलेलं आहे. करारात 'वेगळं झालो तर अमुक रक्कम देईन' असं लिहून ठेवता येतं आणि लिहावंच. पण तो दिवाणी करार आहे. कौटुंबिक न्यायालयात जाऊन अंतरिम पोटगी मागता येत नाही. दिवाणी दाव्याला पुण्यात किती काळ लागतो हे तुम्हाला कोणीही सांगेल.

आजारपणात अडचण कायद्यापेक्षा काउंटरवर जास्त असते. रुग्ण शुद्धीवर असेल तर संमती तिचीच. बेशुद्ध असेल तर हॉस्पिटल 'नातं' हा रकाना भरायला सांगतं आणि तिथे 'मैत्रीण' लिहिलं की 'घरच्यांना बोलवा' असं उत्तर येतं. मुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून निर्धास्त राहू नका. मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत असेपर्यंतच ते चालतं. नेमकं गरजेच्या वेळी ते गळून पडतं. त्यापेक्षा वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) करा, म्हणजे आपण बोलू शकत नसू तेव्हा उपचार कुठवर करायचे हे आधीच लिहून ठेवणारा कागद. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. उपचार थांबवण्याच्या निर्णयासाठी पालक म्हणून कोणाची नावं असतील ते त्यात लिहिता येतं. तिथे जोडीदाराचं नाव घाला, जोडीला आणखी एका विश्वासाच्या माणसाचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातले तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये असं इच्छापत्र नोंदवलं, तेव्हा गोव्यातलं ते पहिलं ठरलं. मानसिक आरोग्याच्या उपचारांसाठी २०१७ च्या कायद्याखाली वेगळा 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमता येतो आणि त्याला रक्ताच्या नात्याची अट नाही. माझ्या मते आपल्या कायद्यातली ही सर्वांत समजूतदार तरतूद आहे.

केंद्र सरकारने २०२३ च्या सुनावणीत कबूल केल्याप्रमाणे कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि २०२४ मध्ये काही पत्रकं निघाली. समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच कुटुंबातले मानावं, संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला अडचण नाही, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात मागता यावा, अशा स्वरूपाची. बँकेत कोणी आडकाठी केली तर अर्थ मंत्रालयाच्या त्या पत्राची छापील प्रत समोर ठेवा, उपयोग होतो. पण पत्रक म्हणजे कायदा नव्हे, आणि 'नातेवाईक नसतील तर' या शब्दांतच सगळं आलं: नातेवाईक आले की तुम्ही मागच्या रांगेत.

मुलाच्या बाबतीत कागद जवळजवळ हतबल आहेत. एकट्या बाईला दत्तक घेता येतं, कायदेशीर मर्यादेत कृत्रिम गर्भधारणेचे उपचारही घेता येतात, पण कायद्याच्या दृष्टीने आई एकच. दुसरी, जी रोज डबा भरते आणि पालकसभेला जाते, ती परकी. जोडप्याला दत्तक घ्यायचं तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं असण्याची अट आहे. सरोगसी तर २०२१ च्या कायद्याने विवाहित जोडप्यांना आणि ठरावीक वयाच्या विधवा-घटस्फोटितांनाच खुली ठेवली आहे. आईने मृत्युपत्रात मुलाचं पालकत्व जोडीदाराकडे असावं ही इच्छा लिहून ठेवावी. कोर्ट मुलाचं हित पाहताना तिचा विचार करेल. विचार करेल, एवढंच मी सांगू शकते.

गोव्यातल्या वाचकांसाठी वेगळं सांगायला हवं. तिथे मृत्युपत्राचा हा मार्गही अर्धाच आहे, कारण आई-वडील किंवा मुलं असतील तर साधारण निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते. उलट लग्न झालं की, वेगळा करार केलेला नसेल तर, दोघांची मालमत्ता सामाईक होते आणि निम्म्याचा हक्क जन्मभरासाठी मिळतो. म्हणजे लग्न नाकारल्याने सर्वांत जास्त नुकसान देशात कुठे होत असेल तर ते गोव्यात. गंमत अशी की गोव्यातले हे नियम ज्या दिवाणी संहितेतून आले ती ज्या पोर्तुगालची, त्याने २०१० मध्येच समलिंगी विवाह कायदेशीर केला. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले गोवेकर लिस्बनमध्ये जे करू शकतात ते मडगावात करू शकत नाहीत.

आता सामाजिक बाजू. इथे मला एक गोष्ट सांगायची आहे जी या चर्चेत फारशी कोणी मांडत नाही: या हक्काचा फायदा समलिंगी नसलेल्या बायकांनाही आहे. कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात बसलेल्या त्या मुली मी पाहते. लग्नाला सहा महिने, वर्ष झालेलं. नवरा चांगला बोलतो, मारत नाही, व्यसन नाही, पण जवळ येत नाही. सासू विचारते 'गोड बातमी कधी'. मग कधीतरी फोनमधले मेसेज सापडतात. मुलाने घरी सांगितलेलं असतं, किंवा घरच्यांना अंदाज असतो, आणि 'लग्न झालं की सुधारेल' म्हणून स्थळ पाहिलेलं असतं. फसवणुकीच्या आधारावर विवाह रद्द करून मागता येतो, पण फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत. मुलगी ते वर्ष बहुतेक वेळा गप्प राहण्यात घालवते, कारण माहेरी सांगायचं काय? शेवटी परस्परसंमतीने घटस्फोट होतो, कारण रकान्यात 'स्वभाव जुळले नाहीत', आणि तिच्या नावापुढे घटस्फोटिता लागतं. यात मुलगाही मोकळा होत नाही; घरचे दुसऱ्या स्थळाच्या मागे लागतात. ज्या समाजात त्या मुलाला आपल्या माणसाशी लग्न करता आलं असतं, तिथे ही मुलगी या खुर्चीवर बसली नसती. या हक्कामुळे कुटुंबसंस्था मोडेल म्हणणाऱ्यांनी एक सोमवार आमच्या कोर्टात काढावा.

कायद्याने मनं बदलतात का, असं लोक विचारतात. लगेच नाही. पण 'हे आपल्यात होत नाही' हे वाक्य कमजोर होतं. १८७२ च्या कायद्याखाली आंतरजातीय किंवा नोंदणी लग्न करायचं तर आपण हिंदू वगैरे कुठल्या धर्माचे नाही असं लिहून द्यावं लागे. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला कायद्याचं पाठबळ दिलं तेव्हा गावोगाव अशी लग्नं सुरू झाली नाहीत, आजही ती सोपी नाहीत. फरक इतका पडला की ज्यांनी केलं त्यांची मुलं अनौरस ठरली नाहीत आणि घर-जमिनीचा हक्क गेला नाही. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवर झालेला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास सांगतो की ज्या राज्यांत समलिंगी विवाह कायदेशीर झाला तिथे किशोरवयीनांच्या आत्महत्येच्या प्रयत्नांत सुमारे ७ टक्के घट दिसली. ती मुलं काही लगेच लग्न करणार नव्हती. आपल्यासाठी पुढे काहीतरी आहे एवढंच त्यांना कळलं असावं.

आणि अमेरिकेतले ते दोन गाजलेले खटले पाहा. २०१३ चा विंडसर खटला सुरू झाला तो कराच्या बिलावरून: एडिथ विंडसर यांची पत्नी वारली आणि त्यांना ३,६३,०५३ डॉलर वारसा कर भरावा लागला, जो नवरा-बायकोला लागला नसता. २०१५ चा ओबर्गेफेल खटला जोडीदाराच्या मृत्यूच्या दाखल्यावर आपलं नाव यावं म्हणून होता. दोन्ही ठिकाणी मुळाशी कोणाचं तरी मरण होतं. वर सांगितलेल्या सोसायटीच्या रजिस्टरातला कोरा रकाना आणि हे, एकाच जातीचे प्रश्न आहेत.

परदेशात जाऊन लग्न करून यावं का, हेही विचारलं जातं. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे, नेपाळमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली नोंदणी झाली. तिकडे स्थायिक होणार असाल तर जरूर करा. डिपेंडंट व्हिसा, विमा, पेन्शन यासाठी त्याचा उपयोग आहे. कॅलिफोर्नियात रीतसर लग्न केलेली मराठी जोडपी माझ्याकडे येतात. मुंबई विमानतळावर उतरल्यावर ती कायद्याने अविवाहित असतात, आणि इथल्या मालमत्तेसाठी त्यांनाही तुमच्यासारखीच मृत्युपत्रं करावी लागतात. परत येऊन इथे राहणार असाल तर त्या दाखल्यावर फार भिस्त ठेवू नका.

इथे हार घालून समारंभ करायचा असेल तर करा, तो गुन्हा नाही. १९८७ मध्ये मध्य प्रदेशातल्या दोन महिला कॉन्स्टेबलनी एकमेकींना हार घातले तेव्हा त्यांची नोकरी गेली होती; त्या काळापासून आपण थोडे तरी पुढे आलो आहोत. फक्त सरकारी फॉर्मवर 'विवाहित' लिहू नका आणि कोणी 'समलिंगी विवाहाचं प्रतिज्ञापत्र' करून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. त्या कागदाला किंमत नाही.

ज्या घरी अजून सांगितलेलं नाही, तिथून जबरदस्ती होईल अशी शंका असेल तर आताच दोघींनी आपापल्या सहीचं निवेदन तयार ठेवा: आम्ही सज्ञान आहोत, स्वेच्छेने एकत्र राहतो. गरज पडली तर ते पोलीस ठाण्यात द्यायचं. अशा प्रकरणांत कोर्टांनी कसं वागावं, मुलीला 'समुपदेशना'च्या नावाखाली घरच्यांच्या ताब्यात देऊ नये, याच्या मार्गदर्शक सूचना सुप्रीम कोर्टाने ११ मार्च २०२४ ला देवू नायर प्रकरणात दिल्या आहेत. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात म्हटलं की कुटुंब उभं करण्याचा लग्न हा एकमेव मार्ग नाही. ते वाक्य ऐकायला छान आहे. पुण्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात मात्र अजून ते चालत नाही. बोलायला कोणी हवं असेल तर मुंबईत हमसफर ट्रस्ट अनेक वर्षं हे काम करत आहे.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवते. या महिन्यात दोघींची मृत्युपत्रं आणि वैद्यकीय इच्छापत्रं. त्यानंतर फ्लॅटच्या हप्त्यांचा करार, मागच्या आठ वर्षांचा हिशोब धरून. नॉमिनेशन सगळीकडे बदलून घ्या: बँक, म्युच्युअल फंड, सोसायटी. संयुक्त खातं 'कोणीही एक किंवा मागे राहिलेली' या पद्धतीने उघडा. वकिलाकडे जाताना इंडेक्स टू (फ्लॅटच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कर्जाचं स्टेटमेंट आणि दोघींच्या पासबुकांच्या प्रती घेऊन जा, आणि साक्षीदार म्हणून पुढे उभे राहतील अशा दोन माणसांशी आधीच बोलून ठेवा.